कळांच्या वेळी सोबत कोणाची?

बाळंतपण हा बायकांचा विषय, त्यात धर्मगुरूने तोंड घालू नये, असे आमच्या कित्येक वाचकांस वाटेल, आणि एरवी आम्हीही तो मान राखला असता. परंतु धर्मगुरूच्या दाराशी जसे बाप्तिस्म्याचे बाळ येते, तशीच कधी कधी बाळंतिणीच्या दफनविधीची वार्ताही येते. ज्या घरी पाळणा हलावयाचा, त्या घरी मेणबत्ती लावण्यास जावे लागले की मौन हा सद्गुण राहत नाही. म्हणून ह्या आठवड्यात आम्ही हा विषय हाती घेतला आहे. पुरुष वाचकांनी पान उलटू नये. पुढील मजकूर त्यांच्यासाठीही आहे.

निमित्त घडले ते खानवेलकडील एका सासूबाईंच्या प्रश्नाचे. सुनेला दुसऱ्यांदा दिवस गेले आहेत. पहिल्या खेपेस तिला एका दवाखान्यात नेले होते. तेथे रात्रभर ती एकटी होती. आईला आत येऊ दिले नाही, ओरडली म्हणून तिला रागावले, उठून फिरू लागली तर पुन्हा टेबलावर झोपविले. मूल सुखरूप झाले, पण सुनेच्या मनात भीती बसली. आता ती म्हणते, "मी माहेरी जाईन, आमच्या म्हाताऱ्या सुईणीच्या हाताने मोकळी होईन, पण तिकडे पुन्हा जाणार नाही." मुलगा म्हणतो, दवाखानाच बरा. सासूबाईंची स्वतःची चारही मुले घरीच झालेली. त्या विचारतात, "फादर, कोणाचे ऐकावे?"

आमच्या मते त्या घरातील तिघेही खरे बोलत आहेत, आणि प्रत्येकाचे बोलणे अर्धेच आहे. सुनेला हवी आहे माणसाची सोबत. मुलाला हवे आहे तिच्या जिवाचे रक्षण. ह्या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरिणी आहेत असे आपण धरून चाललो, तेथेच घोटाळा झाला.

प्रथम सुईणीविषयी बोलू, कारण तिला हसण्याची हल्ली रीत पडली आहे. दादरा नगर हवेलीत वारली, कोकणा, धोडिया, काथोडी अशा समाजांच्या पाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या मुले सुईणीच्याच हातांवर जन्मली. तिला लिहिता वाचता येत नसे, पण बाईचे अंग तिला वाचता येई. कळा देणाऱ्या बाईस ती उताणी पाडून ठेवीत नसे. तिला फिरू देई, खांबाचा आधार घेऊन उकिडवे बसू देई, कंबर चोळी, पेज पाजी, आणि मुख्य म्हणजे उठून जात नसे. आजचे वैद्यकशास्त्र जवळजवळ हेच सांगते. बाई उभी राहिली, चालली किंवा बसली, तर मुलाचे डोके आपल्या भाराने खाली सरकण्यास मदत होते. जवळ विश्वासाचे माणूस असले तर भय उणे होते. भय वाढले की शरीर आखडते, कळा मंदावतात आणि वेदना मात्र दुणावते. ग्रँटली डिक-रीड नावाच्या एका इंग्रज डॉक्टरांनी १९३३ साली आपल्या पुस्तकातून हे भय, ताठरपणा आणि वेदना यांचे चक्र जगापुढे मांडले. 'नैसर्गिक बाळंतपण' हा शब्द त्यांच्यामुळेच दूरवर पसरला. त्यांनी जे ग्रंथातून सांगितले, त्यातले पुष्कळसे आमच्या पाड्यावरील आजीला हातांच्या सवयीने ठाऊक होते.

परंतु निसर्ग जसा आई आहे, तसाच तो काळही आहे, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. जो पाऊस भात पिकवितो, तोच दमणगंगेला पूर आणतो. सुईणीच्या हाती माया होती, अनुभव होता. पण वार पडल्यावर रक्ताची धार थांबेना, तर तिच्यापाशी उपाय नव्हता. प्रसूतीनंतरचा हा रक्तस्राव आईच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे, आणि तो कोणास होईल हे आधी खात्रीने सांगता येत नाही. गर्भारपण निर्वेध गेलेल्या, दोन-तीन मुले सहज झालेल्या बाईसही तो गाठतो, आणि मग घटकाभरात जीव जाऊ शकतो. दवाखान्यात मूल बाहेर येताच आईस एक इंजेक्शन देतात, त्याने गर्भाशय आवळते आणि हा धोका पुष्कळ कमी होतो. त्याखेरीज रक्तदाब वाढून येणारे झटके, आडवे मूल, अडलेले मूल, ताप, ह्या सर्वांपुढे मायेचा हात एकटा अपुरा पडतो.

आमच्या भागास आणखी एक गोष्ट लागू आहे. येथील आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. त्यात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि अंगात रक्त टिकत नाही. असा आजार असलेल्या बाईचे बाळंतपण जोखमीचे असते. तेव्हा दिवस गेल्याचे कळताच रक्ताची ही तपासणी करून घ्यावी. नवऱ्याचीही करावी, कारण दोघांच्याही रक्तात हा दोष असेल तर तो आजार होऊन मुलाच्या वाट्याला येऊ शकतो. ह्यात लाजण्यासारखे किंवा सोयरिकीत बोट दाखविण्यासारखे काहीही नाही.

मग अंतराचा विचार येतो. सिल्वासाच्या नागरी रुग्णालयापासून खानवेल सुमारे २० किलोमीटर. तेथे उपजिल्हा रुग्णालय आहे. पण मधुबन जलाशयाकडील दुधणी, कौंचा, तसेच मांदोणी, सिंदोणी ह्या गावांतील पाड्यांवरून रात्री, भर पावसात, रक्त जाणाऱ्या बाईला खाली आणावयाचे म्हणजे प्रत्येक क्षण मोजावा लागतो. "अडचण आली तर नेऊ" असे म्हणणाऱ्यांस आमचे सांगणे इतकेच, की अडचण आल्यानंतरची वाट नेहमीपेक्षा लांब होते. म्हणून आमचा सल्ला स्पष्ट आहे: बाळंतपण दवाखान्यातच व्हावे. हल्ली ह्या प्रदेशातील दर शंभर बाळंतपणांपैकी नव्वदांहून अधिक दवाखान्यांत होतात, आणि हे चांगलेच झाले आहे.

येथवर मुलाची बाजू झाली. आता सुनेची.

बाईने दवाखान्याचे दार गाठले म्हणजे आपले काम संपले, असे घरच्यांनी समजू नये, आणि दवाखान्यानेही समजू नये. भारत सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यांतील प्रसूतिगृहात बाईबरोबर एका सोबतिणीस राहू देण्यास मान्यता दिली आहे. ती सोबतीण स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, तिला संसर्गजन्य रोग नसावा आणि तिने शेवटपर्यंत थांबावे, अशी अपेक्षा आहे. २०१७ साली 'लक्ष्य' नावाची योजना निघाली. प्रसूतिगृहातील स्वच्छता, आडोसा आणि बाईशी सन्मानाचे वर्तन ह्या गोष्टी तिच्यात धरल्या आहेत. २०१८ साली परिचारिकांस खास सुईणपणाचे अठरा महिन्यांचे शिक्षण देण्याचे धोरण सरकारने स्वीकारले. म्हणजे ज्या सुईणीस आपण अडाणी म्हणून मागे टाकले, तिचाच धीर शिकलेल्या हातांत पुन्हा आणण्याचा हा यत्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या आपल्या शिफारशींत असेही म्हटले आहे, की प्रत्येक बाईचे गर्भाशयमुख घड्याळाच्या काट्याप्रमाणे ताशी एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे असा आग्रह धरू नये. आई आणि मूल दोन्ही ठीक असतील, तर वाट पाहणे हाही उपचारच आहे.

तेव्हा सातवा महिना लागला की सासूबाईंनी सुनेला घेऊन दवाखान्यात एकदा जावे. खोली पाहावी. परिचारिकेस नम्रपणे, पण न भिता विचारावे: आम्हांपैकी एकीस आत राहू द्याल ना? कळा येत असता हिला फिरू द्याल ना? पाणी, पेज देता येईल ना? एका दवाखान्यात नाही म्हणाले, तर दुसरा पाहावा. आपण बाजारातून बैल आणताना त्याचे दात पाहतो. सुनेचा जीव जेथे ठेवावयाचा ते ठिकाण न पाहता कसे चालेल? आणि त्या म्हाताऱ्या सुईणीस घरी बसवू नये. तिलाच सोबतीण म्हणून बरोबर न्यावे. तिचा हात सुनेच्या पाठीवर असावा आणि इंजेक्शन परिचारिकेच्या हाती.

शुभवर्तमानात पवित्र मरिया डोंगराळ प्रदेशातून वाट काढीत आपल्या नात्यातील वयस्क एलिझाबेथकडे गेली, त्या वेळी एलिझाबेथला सहावा महिना होता. आणि मरिया तेथे सुमारे तीन महिने राहिली. ह्या भेटीचे गूढ आपण रोझरीत नित्य चिंतितो. त्यातली तीन महिन्यांची चाकरी मात्र आपल्या ध्यानी येत नाही.

काही भाविक घरांत असेही ऐकू येते, की वेदना ही हव्वेची शिक्षा, ती भोगलीच पाहिजे. ती कमी करू पाहणे म्हणजे देवाच्या इच्छेविरुद्ध जाणे. ह्या शंकेचे निरसन पोप बारावे पायस ह्यांनी ८ जानेवारी १९५६ रोजी डॉक्टरांसमोर केलेल्या भाषणात केले आहे. उत्पत्तीच्या पुस्तकातील त्या वचनाने आईस बाळंतपण सुसह्य करणारे उपाय वापरण्याची मनाई होत नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. शेतकऱ्याला घामाची भाकर सांगितली, म्हणून त्याने नांगर वापरू नये असे आपण म्हणत नाही. मग बाईलाच का सांगावे?

पोट कापून मूल काढण्याविषयीही दोन शब्द. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९ ते २१ ह्या काळात देशातील दर शंभर बाळंतपणांपैकी साडेएकवीस सिझेरियनने झाली. सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण सुमारे चौदा, तर खाजगी दवाखान्यांत सत्तेचाळीस. आता खाजगी दवाखान्याच्या दारातून आत गेल्याने बाईची हाडे अरुंद होतात, असे काही नाही. म्हणून शस्त्रक्रिया सुचविली तर कारण विचारण्याचा हक्क घरच्यांस आहे. पण तेवढ्यासाठी कारण खरे असताना हट्ट धरून बसणे हा गुन्हाच होय. आणि ज्या बाईचे मूल शस्त्रक्रियेने झाले, तिला "तू काही बाळंत झाली नाहीस" असे कोणी म्हणू नये. पोटावर टाके घेऊन तिसऱ्या दिवशी मुलासाठी उठून बसणारीचे आईपण कोणापेक्षा उणे?

आता दुधाकडे वळू. मूल जन्मल्याबरोबर, ते रडते आणि ठीक आहे असे दिसताच, पुसून कोरडे करून आईच्या उघड्या छातीवर ठेवावे. तेथे त्याला ऊब मिळते. नाळ कापण्याचीही घाई करू नये. एक ते तीन मिनिटे थांबले, तर वारेतले रक्त बाळाच्या अंगी उतरते आणि पुढे त्याला रक्त कमी पडत नाही. पहिल्या तासातच त्याला अंगावर घ्यावे. मूल चोखू लागले की आईचे गर्भाशयही आवळते आणि तिचा रक्तस्राव आटोक्यात राहण्यास मदत होते. एकाच कृतीने दोन जीवांची राखण होते. पण त्याच पाहणीत असे आढळले, की देशात पहिल्या तासात दूध मिळणारी मुले शंभरांत बेचाळीसच आहेत.

कारण आपले जुने समज. पहिले पिवळसर घट्ट दूध, म्हणजे चीक, जड असते म्हणून पिळून टाकावयाचे. तोवर बाळाला मध चाटवावयाचा, गुळाचे पाणी किंवा घुटी द्यावयाची. गाय व्याली की तिचा चीक वासराला पाजल्याशिवाय गवळी राहत नाही. आणि आपल्या नातवाचा चीक मात्र आपण मातीत घालतो! त्या थोड्याशा चिकात रोगाशी झुंजणारी द्रव्ये भरलेली असतात. ती बाळाची पहिली लसच समजावी. नवजात बाळाच्या पोटात मावते तरी किती? त्याला चमचाभर चीक पुरतो. मधाविषयी विशेष सांगणे असे, की त्यातील जंतूंनी वर्षाच्या आतील मुलास गंभीर आजार होऊ शकतो. मध वर्षानंतरच द्यावा. पहिले सहा महिने आईचे दूध. दुसरे काही नाही, उन्हाळ्यात पाणीसुद्धा नाही. डॉक्टरांनी दिलेले औषध तेवढे अपवाद. सहा महिन्यांनंतर नागलीची पेज, मऊ भात, वरण, अंडे असे वरचे अन्न सुरू करावे आणि दूध दोन वर्षे किंवा पुढेही चालू ठेवावे.

"दूध पुरत नाही" ही तक्रार घरोघर ऐकू येते. पुष्कळदा दूध असते, पण मूल नीट धरत नाही. केवळ टोक तोंडात घेतले तर आईला चिरा पडतात आणि मूल उपाशी राहते. तोंड मोठे उघडले, हनुवटी स्तनाला टेकली आणि भोवतालचा काळा भागही, विशेषतः खालचा, तोंडात गेला, म्हणजे पकड योग्य. मुंबईच्या आय. आय. टी. मधील डॉ. रूपल दलाल ह्यांनी हे शिकविणाऱ्या चित्रफिती सिद्ध केल्या आहेत; त्या मराठीतही आहेत आणि मोबाइलवर पाहता येतात. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजावे, रात्रीही पाजावे. आठवडा उलटल्यावर मूल दिवसातून सहा वेळा लघवी करीत असेल आणि त्याचे वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे असे निश्चित समजावे.

आईच्या दुधाचे मोल काय, हे मुंबईच्या शीव रुग्णालयाने दाखवून दिले. तेथील डॉ. आर्मिडा फर्नांडिस ह्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जंतूंपासून वाचविण्यासाठी आईचेच दूध आणि आईचाच हात ह्यांवर भर दिला, आणि १९८९ साली तेथे आशियातील पहिली मातृदुग्धपेढी स्थापन झाली. ज्या आईला अधिक दूध असेल तिने द्यावे आणि जिचे मूल उपाशी असेल तिला मिळावे, अशी ती पेढी. आमच्या महाराष्ट्रात गडचिरोलीस डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ह्यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची निगा शिकविली; त्यायोगे त्या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांत सहा वेळा येतात, त्या ह्याच वाटेने. तेव्हा आशाताई आल्या म्हणजे त्यांना उंबऱ्यावरून परत पाठवू नये.

आता डब्याच्या दुधाविषयी. १९९२ च्या कायद्याने बालदुग्धाची आणि दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करण्यास, आणि आईला फुकट नमुने वाटण्यास बंदी केली आहे. कायद्याला डबा एवढा सलतो, तो उगाच नाही. घरोघर डबा पुरवून वापरण्यासाठी दूध पातळ केले जाते, बाटली नीट उकळली जात नाही, आणि बाळ हगवणीने खंगते. काही थोड्या बाळांस वैद्यकीय कारणाने वरचे दूध द्यावेच लागते. त्या आईने खंत करू नये, पण बाटली न घेता वाटी-चमचा घ्यावा, आणि तो उकळून घ्यावा.

परंतु आम्ही केवळ आयांस उपदेश करून थांबलो, तर ते न्यायाचे होणार नाही. सिल्वासाच्या परिसरात कारखाने आहेत आणि त्यांत आमच्या लेकीसुना पाळीवर जातात. "सहा महिने अंगावर पाजा" असे आम्ही व्यासपीठावरून म्हणावे आणि तिने दीड महिन्याच्या लेकराला झोळीत टाकून फाटकावर हजेरी द्यावी, ह्याला काय म्हणावे? १९६१ चा मातृत्व लाभ कायदा २०१७ साली सुधारला आणि पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. ५० किंवा अधिक कामगार असतील तेथे पाळणाघर हवे, आणि मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा सुटी हवी. ह्या तरतुदी पुढे सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम राहिल्या आहेत. त्यासाठी आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेले असावे लागते. कंत्राटदाराकडील बाईला हे सांगण्यास कोणी जात नाही. म्हणून आम्ही येथे सांगत आहोत. आमच्या वाचकांत मुकादम आहेत, पर्यवेक्षक आहेत, लहानमोठे मालकही आहेत. त्यांनी आपल्या हाताखालच्या बाईची रजा बुडू नये एवढे पाहिले, तरी तो दानधर्म नसून देणे फेडणे होईल. ज्या आईस कामावर जाणे भागच आहे, तिने स्वच्छ वाटीत दूध काढून झाकून ठेवावे. थंड जागी ते सुमारे चार तास टिकते. आमच्याकडील उन्हाळ्यात त्याहून लवकर पाजावे. आजीने ते चमच्याने पाजावे.

आणि बाप? बापाने पैसे जमवून ठेवावे, १०८ क्रमांकाची गाडी आपल्या पाड्यापर्यंत येते की कोठवर येते हे आधीच पाहून ठेवावे, रक्त लागल्यास कोण देईल हे ठरवावे. रात्री मूल रडले तर उचलून घ्यावे. बाळंतिणीस पोटभर अन्न मिळते की नाही हे पाहावे. पहिल्या चाळीस दिवसांत घरातले पाणी त्याने भरले, तर त्याची मिशी उतरत नाही. आपल्या प्रभूस बाल्यावस्थेत रात्री उठवून मिसर देशात नेणारा संत जोसेफ हा सुताराचे काम करणारा गृहस्थच होता. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी जानेवारी २०१४ मध्ये सिस्टीन चॅपेलमध्ये बत्तीस बालकांचा बाप्तिस्मा केला, तेव्हा भुकेल्या बाळांना तेथेच निःसंकोचपणे पाजावे असे आयांना सांगितले. मग आमच्या देवळात मागच्या बाकावर एखादी आई पदराआड मुलाला घेऊन बसली, तर कोणी मान वळवू नये.

जाता जाता काही धोक्याच्या खुणा पाठ कराव्यात. गर्भारपणी डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, तोंड सुजणे, अंगावर रक्त जाणे, मुलाची हालचाल मंदावणे. कळा सुरू होऊन बारा तास लोटले तरी मूल न येणे. बाळंतपणानंतर रक्त न थांबणे, ताप, झटके. बाळाने दूध ओढणे सोडले, ते गार पडले किंवा तापले, त्याचा श्वास धपापू लागला, छाती आत खेचली जाऊ लागली, तर सकाळची वाट पाहू नये. नवस मागाहून फेडता येतो. गाडी आधी बोलवावी.

ज्यांच्या घरी ह्या वर्षी पाळणा बांधावयाचा आहे, त्यांनी आजच घरात बसून एक गोष्ट ठरवावी: कळा सुरू झाल्या की सुनेबरोबर कोण जाणार, आणि शेवटपर्यंत कोण थांबणार. तिचे नाव सुनेला आजच सांगावे. तेवढ्याने तिची अर्धी भीती ओसरेल, आणि उरलेली दवाखान्याच्या दारात तो हात हाती आल्यावर.